फोल्डर एकच, पण प्रत्येकाला वेगळाच उघडतो (विंडोज, मॅक आणि लिनक्सचा घोळ)

शाईवाली | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

ठाण्यात नौपाड्याला आमचं डीटीपीचं (संगणकावर पानं जुळवायचं) छोटं ऑफिस आहे. सासऱ्यांनी खिळे जुळवायच्या काळात सुरू केलेलं. आता आम्ही तिघं. काकू विंडोजवर मजकूर टाइप करतात आणि प्रुफाच्या दुरुस्त्या लावतात. एक मुलगा मॅकवर पानं लावतो. हिशेब, लेखकांचे फोन आणि उरलेलं सगळं माझ्याकडे, तेही विंडोजवरच. पोटमाळ्यावर जुना पीसी आहे, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून भाच्याने दोन वर्षांपूर्वी 'सर्व्हर' करून दिला. भाचा आता बंगळुरूला, रात्रपाळीत, फोन उचलला तर नशीब.

सध्या एका दिवाळी अंकाचं काम चालू आहे. सगळा माल सर्व्हरवरच्या 'अंक' फोल्डरमध्ये. काकूंनी सेव्ह केलेली फाइल माझ्याकडे उघडते, पण दुरुस्ती करून सेव्ह करायला गेलं की 'रीड ओन्ली'. माझी फाइल काकूंकडे तशीच. मुलाने नवा फोल्डर केला की त्यात आम्हा दोघींना काहीच टाकता येत नाही. भाच्याने सगळ्यांना सगळी मोकळीक देणारी एक कमांड सांगून ठेवलीय: सीएचमॉड, मग उणे मोठा आर, मग ७७७. सकाळी देवापुढे दिवा लावावा तशी ती रोज चालवते. दुपारपर्यंत बरं असतं. चारच्या चहाला काकूंची हाक येतेच, "अगं, परत कुलूप लागलं बघ."

त्यात गेल्या आठवड्यापासून नवीन भानगड. काही फायलींच्या मालकाच्या जागी नाव नाही, नुसता ५०१ हा आकडा, आणि ग्रुप म्हणून 'डायलआउट'. या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. बाहेरून कोणी शिरलंय का? अकरा दिवसांत अंक छापखान्यात जायचाय आणि मला झोप नाही.

रबाळे_लोकल | सोमवार, रात्री १०.३१

तिघंच माणसं, घरचं ऑफिस. ती ७७७ क्रॉनमध्ये टाका, दर पाच मिनिटांनी आपोआप चालेल. झोपा निवांत.

खवचट_खाडी | सोमवार, रात्री १०.३५

आणि पोटमाळ्याला शिडी लावून ठेवा, चोराची धावपळ नको.

टर्मिनल_ऐरोली | सोमवार, रात्री ११.०४

रबाळेराव, नका हो असं सांगू. पाच मिनिटांनी क्रॉन म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवून दर पाच मिनिटांनी ती रिकामी करायला माणूस नेमणं.

शाईवाली ताई, आधी एक लक्षात घ्या. सीएचमॉड त्या क्षणी ज्या फायली आहेत त्यांनाच लागतो. नंतर जन्माला येणारी फाइल त्याला विचारत नाही. तिची परमिशन ठरते ती बनवणाऱ्या प्रोग्रामवरून आणि सर्व्हरच्या सेटिंगवरून. म्हणून सकाळी ठीक, चारला कुलूप. त्यातून काकू वर्डमध्ये काम करत असतील तर आणखी मजा. वर्ड सेव्ह करताना जुनी फाइल खोडून त्यात लिहीत नाही. शेजारी एक नवी तात्पुरती फाइल लिहितो, जुनी बाजूला सारतो आणि नवीला जुनीचं नाव देतो. म्हणजे प्रत्येक सेव्हला तुमच्यासमोर असते ती एक नवी कोरी फाइल. सकाळी तिच्या आजीला दिलेली परमिशन नातीला कशी मिळणार?

चार गोष्टी सांगा. १) 'अंक' फोल्डरचा मालक, ग्रुप आणि आकडा. २) काकूंच्या एखाद्या ताज्या फाइलचं तेच. ३) 'आयडी' कमांडला काकूंचं युजरनेम दिल्यावर काय येतं. ४) सांबाच्या (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज-मॅकला वाटून देणारा प्रोग्राम) कॉन्फमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, या शेअरखाली काय लिहिलंय.

कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टाकायच्या हे तुम्हाला कळेलच.

शाईवाली | मंगळवार, सकाळी ११.२०

बघितलं. फोल्डरचा मालक भाचा, ग्रुपही भाच्याच्याच नावाचा, आकडा माझ्या कृपेने ७७७. काकूंच्या आजच्या फाइलचा मालक काकू, ग्रुपही काकू, आकडा ७४४. 'आयडी'मध्ये काकूंचा एकच ग्रुप, त्यांच्याच नावाचा. कॉन्फमध्ये पाथ, 'रीड ओन्ली नो' आणि 'ब्राउझेबल येस', बस्स.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट. माझ्या नावाची एकही फाइल नाही. माझ्या सगळ्या फायली भाच्याच्या नावावर आहेत.

काठावरचा | मंगळवार, सकाळी ११.४५

७४४ म्हणजे मालकाला 'एक्झिक्यूट'पण? वर्डची फाइल कोण चालवतं?

टर्मिनल_ऐरोली | मंगळवार, दुपारी १.५०

(जेवणाच्या सुट्टीत महापेहून.)

काठावरचा, प्रश्न चांगला आहे. डॉसच्या काळात फाइलला 'आर्काइव्ह' नावाची एक खूण असायची: बॅकअपनंतर फाइल बदलली आहे, असं सांगणारी. युनिक्समध्ये तिला जागाच नाही. मग सांबा ती मालकाच्या एक्झिक्यूट बिटात कोंबत आला. निरुपद्रवी आहे, पण बघणाऱ्याला दचकायला होतं.

आता मूळ रोग. युनिक्सच्या दुनियेत फाइलपुढे तीनच प्रकारची माणसं असतात: मालक, ग्रुप आणि बाकीचे सगळे. प्रत्येकाला वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, त्यांची बेरीज. ७४४ म्हणजे मालकाला सगळं, ग्रुपला फक्त वाचन, बाकीच्यांनाही फक्त वाचन. तुमच्याकडे काकूंच्या ग्रुपमध्ये एकट्या काकू, तुमच्या (म्हणजे भाच्याच्या) ग्रुपमध्ये एकटा भाचा. डेबियन प्रत्येक युजरला त्याच्याच नावाचा खाजगी ग्रुप देतो. त्यामुळे तुम्ही एकमेकींच्या दृष्टीने 'बाकीचे सगळे'. एका टेबलावर डबा खाणारी तीन माणसं, पण सर्व्हरच्या लेखी अनोळखी.

शिवाय ग्रुप जुळला असता तरी काम झालं नसतं. सांबात 'क्रिएट मास्क' काही लिहिलं नाही तर तो ०७४४ धरतो आणि फोल्डरसाठी 'डिरेक्टरी मास्क' ०७५५. मास्क म्हणजे छत, त्याच्यावरचं सगळं कापलं जातं. विंडोजने काहीही मागितलं तरी ग्रुपचा लिहिण्याचा २ त्या छताला आपटून पडतो. तुमची 'रीड ओन्ली' नेमकी इथून येते.

उपाय करताना काकूंना काय, मुलाला काय असा माणसामाणसाचा विचार करू नका. एक ग्रुप करा, परमिशन ग्रुपला द्या, आणि ती फाइलवर नाही, फोल्डरवर बसवा.

'ग्रुपअॅड' करून 'अंक' ग्रुप बनवा. 'युजरमॉड'ला उणे लहान ए, मोठा जी देऊन तिघांना त्यात घाला. तो लहान ए विसरू नका. नुसत्या मोठ्या जीने माणूस बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर फेकला जातो. भाच्याच्या लॉगिनला असं केलंत तर सुडो (अॅडमिनचे हक्क देणारा) ग्रुपही जाईल आणि सर्व्हरच्या किल्ल्या आतच राहतील. मग फोल्डरचा ग्रुप 'सीएचजीआरपी'ने रिकर्सिव्हली (आतल्या सगळ्यासकट) 'अंक' करा.

त्यानंतर आकडा. फाइंड कमांडने फक्त फोल्डर शोधून त्यांना २७७०, फक्त फायली शोधून त्यांना ६६०. सगळ्यांना सरसकट एकच आकडा मारू नका, कारण फोल्डरच्या बाबतीत १ चा अर्थ 'आत जाता येणं' असा होतो आणि फाइलच्या बाबतीत 'चालवणं'. पुढचा तो २ हा खरा हिरो, सेटजीआयडी. फोल्डरवर तो असला की आत होणारी प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याचा ग्रुप न घेता फोल्डरचा ग्रुप घेते, आणि आतला नवा फोल्डर तो २ सुद्धा वारशाने घेतो.

शेवटी सांबा. शेअरखाली 'व्हॅलिड युजर्स' म्हणून अॅटच्या चिन्हासह अंक ग्रुप, 'फोर्स ग्रुप' अंक, 'क्रिएट मास्क' ०६६०, 'फोर्स क्रिएट मोड' ०६६०, 'डिरेक्टरी मास्क' आणि 'फोर्स डिरेक्टरी मोड' दोन्ही २७७०. मास्क छत असेल तर फोर्स ही जमीन, त्याच्या खाली काही जात नाही. छत आणि जमीन एकाच उंचीवर आणलं की बनवणाऱ्याला मान हलवायला जागाच उरत नाही. 'टेस्टपार्म' चालवून चुका बघा, मग सांबाला रीलोड.

भाच्याच्या नावाच्या फायलींचं कारण सरळ आहे. त्याने सेटअप करताना तुमच्या विंडोजमध्ये स्वतःचा पासवर्ड सेव्ह केला असणार. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो काढा. तुमचं स्वतःचं लॉगिन सर्व्हरवर असायला हवं, आणि 'एसएमबीपासडब्ल्यूडी उणे ए'ने सांबातही वेगळं घालावं लागेल. सांबा पासवर्डांची आपली वही वेगळी ठेवतो, लिनक्सचा पासवर्ड त्याला चालत नाही.

रबाळे_लोकल | मंगळवार, दुपारी २.१५

एवढं सगळं करण्यापेक्षा माझी बादली बरी होती.

पण शिकायला मिळालं. वाचनखूण साठवली.

वाशी_सेक्टर१७ | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

आमच्याकडे उलटं आहे. ऑफिस सीएचं, सर्व्हर विंडोजचा, मी एकटा उबंटूवाला. आयुष्यातली दोन वर्षं शेअर परमिशन (नेटवर्कच्या दाराची) आणि एनटीएफएस परमिशन (डिस्कवरच्या फायलींची) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळण्यात गेली. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागते. एकीकडे फुल कंट्रोल आणि दुसरीकडे फक्त रीड, तर तुमच्या हातात रीड. आता शेअरला मोकळं सोडतो आणि खरी गाळणी एनटीएफएसला लावतो, म्हणजे बघायला एकच जागा. आणि 'डिनाय'ला (थेट मनाई) हात लावत नाही. आमच्या एका हुशार ट्रेनीने 'सगळे कर्मचारी' ग्रुपला डिनायवर टिक केलं आणि मार्चअखेरीच्या आठवड्यात पार्टनरसकट सगळे बाहेर, कारण पार्टनरही कर्मचारी ग्रुपमध्येच होते.

टर्मिनल_ऐरोली | मंगळवार, संध्याकाळी ७.०२

विंडोजमध्ये निदान एका फोल्डरला पाच ग्रुप पाच प्रकारे देता येतात. साध्या युनिक्स परमिशनमध्ये ग्रुपची खुर्ची एकच. दुसरा ग्रुप आला, म्हणजे समजा बाहेरचे मुद्रितशोधक फक्त वाचायला हवेत, तर 'सेटएफएसीएल' लागतो, आणि पुढच्या फायलींना लागावं म्हणून उणे डी. तसं केलेल्या फाइलच्या परमिशनच्या शेवटी 'एलएस उणे एल'मध्ये अधिकचं चिन्ह दिसतं. ते दिसलं की नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

शाईवाली | मंगळवार, रात्री ९.३०

सगळं केलं! मध्ये एक विघ्न आलं. माझ्या नावाने जोडायला गेले तर विंडोज म्हणे, एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येणार नाही, आधीची जोडणी तोडा. शेवटी 'नेट यूज'ला तारा आणि स्लॅश डिलीट देऊन सगळ्या जोडण्या तोडल्या, लॉगआउट केलं, मग जमलं.

मी आणि काकू, दोघी आता एकमेकींच्या फायली सेव्ह करू शकतोय. काकूंनी चष्मा पुसून तीनदा करून बघितलं. पण मुलगा पूर्ण बाहेर. त्याला फोल्डर उघडतच नाही. मॅक रीस्टार्ट करून झाला. 'आयडी'मध्ये त्याचं नाव अंक ग्रुपमध्ये नीट दिसतंय. तो बिचारा माझ्याकडे असा बघतोय की मीच त्याला काढून टाकलंय.

चरईकर | मंगळवार, रात्री १०.०५

मी मॅकवाला. मुलगा सर्व्हरला जोडतो तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीला काय लिहितो? एसएमबी की एनएफएस? (फोल्डर नेटवर्कवरून वाटायच्या दोन पद्धती; सांबा बोलतो ती एसएमबी.)

शाईवाली | मंगळवार, रात्री १०.२२

एनएफएस. भाच्याने तसंच करून दिलं होतं, मॅकला ते वेगवान पडतं म्हणे.

चरईकर | मंगळवार, रात्री १०.४८

सापडला तुमचा चोर! डायलआउटवाला.

एनएफएसच्या साध्या सेटअपमध्ये युजरनेम-पासवर्ड विचारत नाहीत. मॅक सर्व्हरला नुसते आकडे सांगतो, "मी युजर अमुक, ग्रुप तमुक," आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. मॅकवर पहिल्या युजरचा आकडा असतो ५०१ आणि त्याचा मुख्य ग्रुप 'स्टाफ', आकडा २०. तुमच्या डेबियनवर माणसांचे आकडे १००० पासून सुरू होतात. ५०१ नावाचं तिथे कोणी नाही, म्हणून नुसता आकडा दिसतो. आणि डेबियनवर २० नंबरचा ग्रुप कोणता? डायलआउट! मोडेम फिरवून इंटरनेटला जोडायचं त्या जमान्यातला, सिरियल पोर्ट वापरायची परवानगी देणारा ग्रुप. नंबर तोच, घर वेगळं. जसं गोखले रोडवरचा फ्लॅट क्रमांक २० आणि घणसोलीतला फ्लॅट क्रमांक २०, पोस्टमनने फक्त २० बघून पत्र टाकलं तर जे होईल ते.

म्हणजे कोणी शिरलेलं नाही. ५०१ म्हणजे तुमचाच मॅकवाला मुलगा.

आता गंमत बघा. तो सर्व्हरच्या लेखी कायमच परका होता. तरी त्याचं काम चाललं, कारण रोज सकाळची ७७७ 'बाकीच्या सगळ्यांना' दार उघडत होती. तुम्ही आज २७७० केलं, शेवटचा आकडा शून्य, आणि परका बाहेर. ग्रुपमध्ये त्याचं जे नाव घातलंत ते १००० च्या पुढच्या कुठल्यातरी आकड्याचं. मॅक ते नाव उच्चारतच नाही.

टर्मिनल_ऐरोली | मंगळवार, रात्री ११.१०

चरईकर, मानलं. मी दुपारभर 'डायलआउट' वाचून सुद्धा २० वर गेलो नाही.

ताई, आकडे दोन्हीकडे जुळवता येतात, पण तुमच्यासाठी ती कसरत नको. मॅकलाही एसएमबीने आणा, त्याच्या नावाने आणि पासवर्डाने. दुसरं कारण असं की क्रिएट मास्क वगैरे जे आपण लिहिलं ते सांबाच्या दारातून येणाऱ्यालाच लागतं. एनएफएसच्या दारातून आलेला त्याच्या मॅकचा यूमास्क (नव्या फाइलमधून कुठले हक्क कापायचे तो आकडा) घेऊन येतो, सहसा ०२२, म्हणजे नव्या फायली ६४४. सेटजीआयडीमुळे ग्रुप बरोबर मिळेल, पण ग्रुपचा लिहिण्याचा हक्क गायब. एका खोलीला दोन दारं ठेवली की दोन वॉचमन ठेवावे लागतात. एनएफएसचं एक्स्पोर्ट बंद करा. ५०१ च्या ज्या फायली आहेत त्यांचा मालक फाइंडने शोधून 'सीएचओन'ने मुलाच्या नावावर करा.

सांबात मॅकसाठी 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स'मध्ये 'फ्रूट' आणि 'स्ट्रीम्स एक्सअॅटर' टाका. मॅक फायलींबरोबर जी टिंबाने सुरू होणारी पिलावळ सोडतो ती त्याने आटोक्यात येते. टाकायचं तर सर्व्हरवरच्या सगळ्या शेअरना टाका, एकाला आहे नि एकाला नाही असं नको.

खवचट_खाडी | बुधवार, सकाळी ८.१५

म्हणजे आठवडाभर ज्याला हॅकर समजून झोप उडाली तो शेजारच्या टेबलावर वडापाव खात होता.

अवांतर: या सगळ्याला 'सांबा' हे नाव कुठल्या नाचावरून आलं?

टर्मिनल_ऐरोली | बुधवार, सकाळी ८.४०

नाचावरून नाही. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात पीएचडी करता करता हे लिहिलं. आधीच्या नावावर दुसऱ्या कुणाचा ट्रेडमार्क निघाला. मग त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यातला हा निवडला. त्याची अडचणही तुमच्यासारखीच होती: एका खोलीत डॉसचा पीसी आणि युनिक्सचं मशीन, एकमेकांशी बोलेनात.

शाईवाली | गुरुवार, संध्याकाळी ७.५०

मुलगा आत आला. जोडलेला असतानाच मी ग्रुप बदलत होते म्हणून एकदा 'इजेक्ट' करून परत जोडावं लागलं, मग लागलं सुरळीत. दोन दिवस चारचा चहा शांततेत झाला.

पण आता वेगळंच. एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या फेरीचं प्रूफ' नावाच्या दोन फायली! नावात एका अक्षराचा फरक नाही. स्पेससुद्धा मोजल्या. एकीत काकूंच्या दुरुस्त्या, दुसरीत मुलाच्या. एका फोल्डरात सारख्या नावाच्या दोन फायली राहूच शकत नाहीत ना? 'पहिल्या फेरीचं प्रूफ' मात्र एकच आहे.

काठावरचा | गुरुवार, रात्री ८.१०

आता मात्र भूत.

चरईकर | गुरुवार, रात्री ९.२५

भूत नाही, ऱ. पहिल्या फेरीत ऱ नाही, दुसऱ्या फेरीत आहे!

हे खास आपल्या मराठीचं दुखणं. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे अख्खा ऱ, एकच कोड. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याच्याखाली नुक्त्याचं टिंब, दोन कोड. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मॅकची जुनी सवय फायलींच्या नावातली अशी अक्षरं सुटी करून ठेवायची, विंडोज जसं टाइप झालं तसं ठेवतो. लिनक्सच्या फाइल सिस्टिमला अक्षरं कळतच नाहीत, ती बाइट बघते. बाइट वेगळे म्हणजे नावं वेगळी म्हणजे फायली दोन. एनएफएसच्या काळात मुलाने केलेली फाइल सुट्या ऱची, काकूंची अख्ख्या ऱची. 'सुऱ्या', 'कोपऱ्यातून', 'दऱ्याखोऱ्या' असल्या सगळ्या फायली तपासा.

'कन्व्हएमव्ही' नावाची चीज आहे, तिला एनएफसीचा (सुटे कोड जोडून एक करायचा) पर्याय दिला की ती नावांतले सुटे ऱ अख्खे करते. नुसती चालवली तर काय बदलेल ते फक्त दाखवते, 'नोटेस्ट' दिल्यावरच खरं बदलते. पण जिथे दोन्ही फायली हजर आहेत तिथे आधी एकीला हाताने वेगळं नाव द्या आणि मजकूर काकूंकडून जुळवून घ्या. ते काम कमांडचं नाही.

आणि मॅकवर सगळं ढकलायला नको. काही कीबोर्डांवर तोच ऱ्य र, हलन्त आणि अदृश्य जोडणीखूण असा टाइप होतो. तो तिसरा प्रकार, आणि त्याला कन्व्हएमव्हीही हात लावणार नाही. दोन विंडोजवाल्यांतही हे होऊ शकतं.

वाशी_सेक्टर१७ | गुरुवार, रात्री ९.५०

साष्टांग. आमच्या ऑफिसात फायलींची नावं इंग्रजीत ठेवायचा नियम आहे, त्याचा मला राग यायचा. आज थोडा कमी झाला.

शाईवाली | शुक्रवार, दुपारी १२.१५

चरईकर, तंतोतंत. सात जोड्या निघाल्या. काकू म्हणाल्या, "खिळे होते तेव्हा ऱचा खिळा एकच होता बाई."

आणि आज एका कवितेची फाइल काकूंच्या विंडोजमधून सर्व्हरवर जाईना, नाव फार लांब म्हणे. तेवढी लांब मला वाटली नाही. वर्ड आपणहून पहिली ओळ नाव म्हणून सुचवतो, काकू एंटर मारतात, आणि या कवीची पहिली ओळ म्हणजे जवळजवळ परिच्छेद.

टर्मिनल_ऐरोली | शुक्रवार, दुपारी २.०५

विंडोजवर नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं. तुमच्या सर्व्हरवर बहुधा एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) आहे, तिथे मर्यादा २५५ बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. म्हणजे आपल्या वाट्याला ८५. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त प्रत्येक वेगळा मोजला जातो. 'क्षि' दिसायला एक, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी, म्हणजे १२ बाइट.

काकूंना सांगा, फाइलला कवीचं आडनाव आणि पान क्रमांक.

रबाळे_लोकल | शुक्रवार, दुपारी २.३०

एक शंका. आता ग्रुपमधला कोणीही कोणाचीही फाइल उडवू शकतो ना? माझ्याकडे एकदा झालंय. स्टिकी बिट लावला तर?

टर्मिनल_ऐरोली | शुक्रवार, रात्री ८.४५

फाइल उडवण्याचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर असतो. फाइल ४४० करून ठेवली तरी फोल्डरात लिहिता येणारा ती काढून टाकू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्टिकीने फाइल फक्त तिच्या किंवा फोल्डरच्या मालकालाच उडवता येते, बरोबर. पण वर्डचं सेव्ह आठवा: जुनी सारायची, नवी आणायची. काकूंची जुनी फाइल तुम्हाला सारताच आली नाही तर दुरुस्ती सेव्हच होणार नाही. परत चारची हाक. सामायिक कामाच्या फोल्डरला स्टिकी नको.

त्यापेक्षा 'छापायला गेलेलं' असा फोल्डर करा, मालक भाचा, ग्रुप अंक, आकडा २७५०. पान फायनल झालं की सर्व्हरवरून ताईंनी त्यात हलवायचं. ग्रुप वाचेल, उडवणार नाही. एखाद्या मशीनमध्ये रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते त्या माणसाच्याच हक्काने लिहितं, तेव्हा एवढं तरी शाबूत राहील. आणि या सगळ्यावर बॅकअप वेगळा, तो परमिशनने होत नाही. हलवताना एक बारकी गोष्ट: 'एमव्ही'ने त्याच डिस्कवर हलवलेली फाइल जुना ग्रुप आणि जुना आकडा घेऊनच येते, सेटजीआयडी फक्त नव्या जन्माला लागतो. म्हणजे आतल्या फाइलमध्ये ग्रुपला अजून लिहिता येईल. हलवल्यावर ४४० करा.

शाईवाली | पुढचा शुक्रवार, रात्री ११.४०

अंक आज संध्याकाळी वागळे इस्टेटला छापखान्यात गेला. पेनड्राइव्ह मी स्वतः रिक्षातून पोचवला, मांडीवर पर्स घट्ट धरून. एकशे ब्याण्णव पानं. अनुक्रमणिकेत एका लेखकाचं आडनाव चुकलं होतं, ते काकूंनी मुलाच्या फाइलमध्ये जाऊन शेवटच्या दहा मिनिटांत बदललं आणि सेव्ह झालं, हे मला कायम लक्षात राहील.

चरईकर, टर्मिनल, तुम्हा दोघांचे पत्ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अंक पाठवते. रबाळेराव, तुम्हालाही, बादलीबद्दल.

आणि भाच्याचा फोन आला. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. म्हणाला, "मामी, सॉरी गं, आठवडाभर मिस्ड कॉल बघतोय तुझे. ती ७७७ वाली चालवून बघितलीस का?"